माझ्या काचेत न मावलेला शब्द

मित्रांनो, तुमच्या घरात एखादा खण असा असेलच, की ज्यात आटलेली पेने, सैल झालेली रबरे आणि कोणत्या कुलपाच्या ते कुणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या पडून असतात. मी तसल्याच खणात राहतो. मी लहान काचेचा एक जुना मोबाइल आहे. माझ्या कोपऱ्याला तडा गेला आहे, पण वाचताना तो आड येत नाही. आणि आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही मला नावे ठेवणार नाही. मी फार हेवा करतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईने माझी काच बसवली, अंगठ्याने चारी बाजूंनी दाबून पाहिली आणि मान डोलावली. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे मी दुकानाच्या कपाटात आलो. तिथून मला एका तरुण बाईने घेतले. तिने एक नाही, दोन फोन घेतले. अगदी एकसारखे. मी तिच्यासाठी आणि माझा जुळा भाऊ तिच्या सासऱ्यांसाठी.

तिला मी ताई म्हणतो. ताई घरी बसून वेबसाइट बनवायची. खिडकीपाशी तिचे टेबल होते, टेबलावर संगणक आणि संगणकाला टेकून मी. पान तयार झाले की ती आधी माझ्यावर उघडून बघायची. अक्षरे बारीक तर दिसत नाहीत ना, बटणावर बोट नीट पडते ना, चित्र बाहेर तर जात नाही ना, सगळे माझ्यावर. काम जमले की म्हणायची, "तुझ्यात मावलं ना, मग कुठेही मावेल." मला आणखी काय हवे होते? तिच्या बाळाचा पहिला फोटो मी काढला. बाळाने पहिल्यांदा चावले तेही मलाच. ते बाळ मोठे झाले आणि घरभर अशा गिरक्या घेऊ लागले, की सगळे तिला भिंगरी म्हणू लागले.

आणि मग तो आला.

त्याची काच माझ्या दीडपट. कडा अशा गुळगुळीत की बघवत नव्हत्या. त्याला पहिल्याच दिवशी नवे कव्हर मिळाले. मला कव्हर मिळाले होते ते पडून तडा गेल्यावर. मी ताईला रोज आकडे विचारायचो आणि मगच उघडायचो. हा मात्र तिचा चेहरा बघूनच उघडायचा. इतकी वर्षे तिचा गाल माझ्या काचेला टेकला होता, पण तिला चेहऱ्याने ओळखायचे हे मला कधी जमले नाही. रात्री तो तिच्या उशीशी निजायचा. भिंगरी नाचली की सगळे ओरडायचे, "अगं, नवा आण, नवा!" मी टेबलावर असायचो, जागा असायचो, चार्ज असायचो. पण मला कुणी आणत नसे.

काही दिवस ताई पाने तपासायला तरी मला घ्यायची. मग तेही थांबले. तिचा नवरा औषधांच्या दुकानात काम करायचा. एकदा तो म्हणाला, "अजून ह्या डबड्यावर कशाला बघतेस? आता सगळ्यांकडे मोठेच फोन असतात."

ताई म्हणाली, "हो, तेही खरंच."

आणि मी खणात गेलो. मित्रांनो, डबडे म्हटल्याचे मला वाईट वाटले नाही. "तेही खरंच" म्हटल्याचे वाटले.

त्या खणाचे तोंड कधी पुरते लागत नसे. त्या फटीतून मला टेबल दिसे आणि घरातले सगळे ऐकू येई. ताईने त्या सुमारास शाळेच्या गाडीसाठी एक पान बनवायला घेतले. गाडी चालवणाऱ्यांना सगळी मुले मामा म्हणत. मामांना वेबसाइटमधले काही कळत नसे, पण समाजमाध्यमावर लिहायची त्यांना भारी हौस. गाडी उशिरा येणार, रस्ता बदलला, टायर पंक्चर झाला, सगळे ते तिथे टाकत. ताईने युक्ती केली. मामांनी तिथे काही लिहिले की ते जसेच्या तसे शाळेच्या पानावर एका चौकटीत दिसेल, अशी सोय केली. भिंतीला खिडकी पाडावी आणि पलीकडची खोली इकडून दिसावी, तसे.

त्या चौकटीची रुंदी तिने नव्यावर मोजून ठरवली. नव्यावर ती कशी नेटकी बसली! ताई खूश झाली, आणि मी खणात धुमसत राहिलो. तिने आणखीही एक केले. कधी कधी पान बोटाने आडवे सरकायचे, ते तिला आवडेना. म्हणून काचेबाहेर जाईल तो भाग झाकून टाकायची सूचना तिने पानाला दिली. आता पान जागचे हलत नसे. जे मावेल ते दिसायचे, जे मावणार नाही ते गुपचूप नाहीसे व्हायचे. नव्यावर सगळेच मावत होते, त्यामुळे हे तिच्या लक्षात यायचे काही कारणच नव्हते.

भिंगरीला पुलापाशी गाडीच्या थांब्यावरून आणायचे काम तिच्या आजोबांचे, म्हणजे ताईच्या सासऱ्यांचे. आजोबांनी सारी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालवली होती. हातात वाणसामानाचा कागद आला तरी ते त्यातली वेलांटी सुधारत. रोज निघण्याआधी ते माझ्या जुळ्या भावावर गाडीचे पान उघडून मोठ्याने वाचत आणि मग चपला घालत. त्याचाही मला हेवा वाटायचा. तोही माझ्याएवढाच जुना, पण त्याला खिसा होता.

त्या दिवशी आजोबांनी वाचले, "आज गाडी पुलाच्या थांब्यावर थांबणार." मग म्हणाले, "रोजच थांबते की! मामांना लिहायला काहीतरी लागतंच." आणि हसत हसत निघून गेले.

बऱ्याच वेळाने नवा वाजला. ताई बोलत होती. "अजून आली नाही? बाबा, तुम्ही कुठे आहात?... पुलावर? अहो, पुलावर कशाला!" खुर्ची पडल्याचा आवाज झाला. दार आपटले. मग घर एकदम गप्प झाले.

पुढे जे झाले ते मला त्यांच्या बोलण्यातून कळले. पुलाच्या पलीकडच्या टोकाला खोदकाम सुरू झाले होते. गाडीला पूल ओलांडता येत नव्हता, म्हणून मामांनी मुलांना पलीकडेच दवाखान्याच्या फाटकाशी उतरवले. फाटकाशी आईबापांची ही गर्दी. त्यात भिंगरीचेही कुणी असेल असे मामांना वाटले. भिंगरीला आजोबा दिसले नाहीत. ती मग आपल्या ओळखीच्या वाटेने पुलाकडे चालू लागली. पुढे रस्ता नव्हता, पत्रे उभे केले होते आणि पत्र्यांमागे खोल चर होता. ती पत्र्याखालून वाकून आत जात होती, तेवढ्यात खोदकामावरच्या एका बाईने तिचे दप्तर धरून तिला मागे ओढले. ताई वळसा घालून पोहोचली तेव्हा भिंगरी त्या बाईच्या मांडीला चिकटून बसली होती. पुलाच्या त्या टोकाला नात आणि ह्या टोकाला आजोबा. मधे पत्रे. दोघे एकाच वेळी एकमेकांची वाट बघत होते.

संध्याकाळी सगळे टेबलापाशी जमले. ताईच आधी बोलली.

"बाबा, स्पष्ट लिहिलं होतं हो!"

"मी वाचूनच गेलो होतो."

"मग? हे बघा ना." तिने नवा त्यांच्यापुढे धरला.

आजोबांनी चष्मा सारखा केला आणि वाचले, "आज गाडी पुलाच्या थांब्यावर थांबणार नाही, मुलांना दवाखान्याच्या फाटकाशी उतरवू." त्यांनी पुन्हा वाचले. मग अगदी हळू म्हणाले, "हे मला दिसलं नव्हतं."

ताईचा नवरा म्हणाला, "बाबा, राहू द्या आता. वय होतं माणसाचं. उद्यापासून दुसरी काहीतरी सोय करतो मी."

मित्रांनो, माझा भाऊ त्या वेळी आजोबांच्या खिशातच होता. तो काढून दाखवावा असे कुणालाही सुचले नाही. आजोबांनासुद्धा नाही, त्यांना स्वतःलाच वाटू लागले होते, की चूक आपलीच. मला मात्र खणात कळून चुकले होते. मला माझी काच ठाऊक आहे. "थांबणार" पर्यंत माझी काच संपते. आपल्या भाषेत "नाही" सगळ्यात शेवटी येते, आणि शेवटच्यालाच जागा कमी पडते. पण बंद पडलेल्या फोनने सांगायचे कसे? नवा टेबलावर ऐटीत पडला होता. त्याने खोटे काही दाखवले नव्हते, तरी मला त्याचा असा राग आला, की माझ्यात जीव असता तर मी तापून फुगलो असतो.

त्यानंतर आजोबा बदलले. आधी ते डोळे तपासून आले. डॉक्टरांनी सांगितले, चष्म्याचा नंबर आहे तोच आहे. हे ऐकून ताईला बरे वाटले, पण आजोबा जास्तच घाबरले. डोळे ठीक, म्हणजे बिघाड डोक्यात! वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे त्यांनी सोडून दिले. औषधाची बाटली हातात घ्यायचे आणि भिंगरीला हाक मारायचे, "हे काय लिहिलंय गं? मला वाच बघू." भिंगरी अक्षरे जुळवत वाचायची. ते तिच्या तोंडाकडे बघत बसायचे. तिला आणायला आता शेजारच्या काकू जात. गाडीची वेळ झाली की आजोबा उगाचच चपला घालून बसत आणि थोड्या वेळाने काढून ठेवत.

एके दिवशी ताईला फोन आला. भिंगरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई बोलत होती. ती शिवणकाम करायची. ताईने तिचा आवाज मोठा केला होता, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ताई, शनिवारी गाडी येणार की नाही हो? तुमच्या पानावर येणार म्हणून लिहिलंय, आणि मामा म्हणतात येणार नाही. मी कुणाचं ऐकू?"

ताईने नव्यावर बघितले. "येणार नाही असंच लिहिलंय की."

"अहो, मी काय खोटं बोलते? हातात फोन आहे माझ्या. 'शनिवारी दुपारी गाडी शाळेत येणार', पुढे काही नाही."

ताईने नव्यावरच्या ओळीच्या शेवटी बोट ठेवले. मग तिने विचारले, "तुमचा फोन कोणता आहे?"

"जुनाच आहे. छोटा."

खण उघडला. इतक्या दिवसांनी उजेड आला तो तिच्या हाताबरोबर. तिने मला पुसले, मित्रांनो, आपल्या बाहीने पुसले! चार्जरला लावले आणि मी उजळेपर्यंत नखे चावत बसली. एरवी मला उठायला वेळ लागला की ती वैतागायची. त्या दिवशी वैतागली नाही.

तिने गाडीचे पान उघडले. मी जसे दिसत होते तसे दाखवले. "शनिवारी दुपारी गाडी शाळेत येणार". तिने बोटाने पान डावीकडे ओढले. पान हलले नाही. तिने पुन्हा ओढले. मग तिने मला उताणे ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

खरे सांगायचे तर आधी मला आनंद झाला. नवा शेजारीच पडला होता. मला वाटले, बघ म्हणावे, तुझ्या एवढ्या मोठ्या काचेला जे दिसले नाही ते मी दाखवले. पण ताईच्या बोटांमधून पाणी आले आणि माझा आनंद जागच्या जागी विरला.

"बाबा," तिने हाक मारली, "जरा इकडे या ना."

आजोबा आले. तिने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचले. मग तिने नवा दिला. त्यांनी तोही वाचला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मुद्रिते पडताळताना करत असतील तसे.

"तुम्ही बरोबर वाचलं होतं," ताई म्हणाली. "मीच अर्धं दाखवलं."

आजोबा खुर्चीत बसले. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"आहे हो बाबा."

"मला वाटलं, गेलं." एवढे बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

ताईने त्याच बैठकीत मामांना फोन करून सगळ्या पालकांना निरोप द्यायला सांगितले आणि कामाला बसली. चौकटीची ठरलेली रुंदी तिने काढून टाकली. ज्याची जेवढी काच असेल तेवढीच चौकट, आणि ओळ मावली नाही तर खाली वळेल असे केले. झाकायची सूचना पुसली. चौकट कुणाकडे उघडलीच नाही तर काय, म्हणून मामांचे शब्द साध्या अक्षरांतही खाली येतील अशी सोय केली. चौकट उशिरा उघडली की पान उडी मारायचे आणि बोट भलत्याच बटणावर पडायचे. म्हणून चौकटीसाठी आधीच जागा राखून ठेवली. प्रत्येक बदल ती माझ्यावर बघत होती. आजोबा शेजारी बसून वाचत होते. "इथे स्वल्पविराम हवा," ते म्हणाले.

"तो मामांचा आहे बाबा."

"मग मामांना सांग."

ताईचा नवरा घरी आल्यावर त्याला सगळे कळले. त्याने आजोबांच्या चपला दाराशी सरळ करून ठेवल्या. मग म्हणाला, "बाबा, भिंगरीला आणायला उद्या तुम्ही जाल का?"

"बघतो. आधी पान वाचतो," आजोबा म्हणाले, आणि भिंगरी त्यांच्या गळ्यात पडली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, आता मी सुखी झालो असेन. तसे नाही. नवा अजून तिच्या उशीशीच निजतो. भिंगरीचे नाच अजून त्यालाच मिळतात आणि मला अजून पोटात दुखते. पण त्याच्यावर सगळे चांगलेच दिसते. वाईट कुठे दिसते आहे ते शोधायला ताई माझ्याकडे येते, आणि त्या थोड्या वेळापुरता नवा माझा हेवा करत असावा, अशी माझी आशा आहे.

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. जुन्या फोनला अधूनमधून चार्ज करा. आणि कुणी तुम्हाला म्हणाले, "मला तर असंच दिसलं," तर लगेच आपला फोन त्याच्यापुढे धरू नका. आधी त्याचा आपल्या हातात घ्या.