राखवाल्या बाबांचं तेज

जळगावजवळच्या नशिराबादबाहेर, राखवाल्या बाबांच्या ओट्यापुढे दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसायची. दमेकरी, सांधे धरलेले, सगळे रांगेत. बाबा चिमूटभर राख जिभेवर टेकवायचे, पुडी हातात कोंबायचे आणि गर्जायचे, "औषधं फेका, आरसा बघा! तेज चढलं की रोग पळाला!" आणि खरंच, जुन्या भक्तांचे चेहरे गोल गरगरीत, गाल लाल. आणखी कसला पुरावा हवा?

ते चेहरे पाहून डॉ. रुपचंद चौधरी ओट्यापाशी थबकले. मूळचे बोदवडचे. मुंबईत वीस वर्षं मूत्रपिंडरोपणाचं काम, आणि दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर का नाकारतं यावर संशोधन. महिन्यातून एकदा ते जळगावात पेशंट तपासत. आज लोटनला शोधत आले होते. तीन वर्षांपूर्वी त्याला आईचं, धुरपदाबाईचं, मूत्रपिंड बसवलं होतं, आणि दोन महिने तो तपासणीला फिरकला नव्हता.

मायलेक रांगेतच सापडले.

"मी मस्त शे, साहेब," लोटन म्हणाला. "गोया बंद करी दिन्यात. राख बठ्ठं बरं करस."

"मूत्रपिंड टिकवायच्या दोन्ही गोळ्या?"

"दोन्ही."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावायचं त्राण आता उरलं नव्हतं. त्यांनी पुडी उघडून धुरपदाबाईपुढे धरली. "अक्का, चाखून सांगा."

तिने चाखली आणि थू करून टाकली. "हाई राख नही! जलम गया मना चूल फुकामा. राख खारी लागस, हाई तं कडू जहर शे!"

"देवाचा प्रसाद आहे, बाई! पाप्यांनाच कडू लागतो!" बाबा घाईघाईने म्हणाले.

लोटनला त्याच दिवशी दवाखान्यात दाखल केलं. पुडी मुंबईच्या प्रयोगशाळेत गेली. पुढच्या गुरुवारी डॉक्टर अहवाल घेऊन ओट्यावर उभे राहिले, तोवर बाबांनी गाशा गुंडाळला होता.

"राखेत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. दुखणं दबतं, भूक लागते. हे तेज नाही, सूज आहे. माझ्या पेशंटांचे चेहरेही या गोळीनं असेच होतात, म्हणून ओळखलं. लोटनच्या दोन गोळ्यांतली एक या राखेत होती, म्हणून तो तग धरून होता. दुसरी नव्हती, म्हणून आईनं दिलेलं मूत्रपिंड त्याचं शरीर नाकारत होतं, ते आतून मरत होतं. निम्मंच वाचलंय." ते रांगेतल्या भक्तांकडे वळले. "आता राख एकदम सोडू नका; शरीराला तिची सवय झालीय, जिवावर बेतेल. जळगावला या, हळूहळू सोडवू. आणि औषधाचं नाव जो सांगत नाही, त्याच्या हातचं खाऊ नका. मलाही विचारा. दोन गोळ्या कशासाठी, हे मी लोटनला कधी समजावलंच नाही. ती चूक माझी."

धुरपदाबाई पुढे आली.

"साहेब, लोटननी दुसरी गोयीनं नाव काय शे?"

वीस वर्षांत हे विचारणारी ती पहिलीच. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी नाव सांगितलं, आणि तिला म्हणता येईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलं.