कुणालाही सांगू नये असा पासवर्ड

परीक्षेला निघताना किरकिरणारं बाळ तिने सासूबाईंच्या कडेवर दिलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जा, शिका." तो आशीर्वाद होता की टोमणा, हे तिला खुर्चीत बसेपर्यंत उलगडलं नव्हतं.

वस्तीतून कॉलेजात येणाऱ्या त्या चौघीच, सगळ्या पहिल्या वर्षाला. घरची भाषा वेगळी, म्हणून वर्गात मागचा बाक ठरलेला. लग्न झालेली ही एकटी, म्हणून सगळ्यांचीच वहिनी; खरी नणंद मात्र त्यांतली एक. प्रवेशाला ईमेल लागतो म्हटल्यावर नाक्यावरच्या मोबाइलवाल्याने चौघींत मिळून एकच काढून दिला. एका वस्तीच्या पोरी, चार कशाला, हा त्याचा हिशेब. पासवर्ड त्याच्या दुकानाचं नाव, नंबरही त्याचाच. घरात साबणाची वडी एक असते तसा ईमेल एक, यात कुणालाच वावगं वाटलं नाही.

अल्पसंख्याक मुलींसाठी कॉलेजने संगणकाचा वर्ग काढला होता. काल तिथे मॅडमनी बजावलं की पासवर्ड नवऱ्यालाही ओळखता येऊ नये असा ठेवा आणि कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नका. परतताना ती एकटीच दुकानात थांबली. मोबाइलवाल्याने फोनवर आलेला कोड वाचून दाखवला, तिने पासवर्ड बदलला. आपण आपल्या दाराला कुलूप घातलं, एवढंच तिच्या डोक्यात. दार चौघींचं होतं, हे काही सुचलंच नाही.

पेपरची लिंक ईमेलवरच आली. पंधरा मिनिटांत उघडली नाही तर बंद. शेजारच्या दोघींच्या पडद्यावर 'चुकीचा पासवर्ड' असं आलं. तिने मॅडमना खरं ते सांगितलं. पुन्हा बदल, मॅडम म्हणाल्या. पण कोड जायचा मोबाइलवाल्याकडे, आणि तो मेव्हण्याच्या लग्नाला, फोन बंद.

मॅडमच्या परवानगीने तिने तळहाताचा आडोसा करून दोघींचं टाइप करून दिलं. "बँक लुटतेयस का वहिनी?" त्यांतली एक पुटपुटली.

उरली नणंद. तिचा नंबर काचेपलीकडच्या खोलीत. हात वर करून ती केव्हाची रडवेली बसली होती. पहिल्याच परीक्षेत आपटलीस तर घरी बसायचं, असं सासूबाईंनी तिला स्पष्ट सांगितलेलं. तिथले सर कडक. दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही, काय सांगायचं ते दारात सांगा, म्हणाले.

दारापर्यंत जाताना वहिनी मनातल्या मनात वाटा शोधत होती. नणंदेच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज सांगितलं की संध्याकाळच्या आत ते सासूबाईंच्या कानावर जाणारच. न सांगावं, तर या पोरीचं कॉलेज संपलं. भिंतीवरचं घड्याळ काही थांबत नव्हतं.

ती नणंदेच्या कानाशी वाकली.

"वेगळं घर. जोडून लिही. पुढे तीन."

नणंदेने तिच्याकडे पाहिलं. दादा, वहिनी, बाळ. तीन कोण हे विचारायची गरज नव्हती. ती वळली आणि जागेवर जाऊन बसली.

पेपर झाल्यावर मॅडमनी चौघींना बसवून चार ईमेल काढायला लावले. नणंद मुद्दाम कोपऱ्यातल्या मशीनवर गेली. घरी येतानाही गप्प. एरवी हिला गप्प कर म्हणावं लागे, आज तिच्या चपलांचा आवाजही नकोसा झाला. काही तरी बोल बाई, शिव्या तरी दे, असं वहिनीला झालं.

गल्लीच्या तोंडाशी नणंद थांबली. "दादाला माहीत आहे?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मी पण तोच ठेवलाय," नणंद जमिनीकडे बघत म्हणाली. "फक्त पुढे चार."

दार उघडंच होतं. बाळ सासूबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलेलं, त्याची लाळ त्यांच्या पदरावर. कसा गेला पेपर, त्यांनी हळू आवाजात विचारलं, बाळ उठू नये म्हणून. दोघी एकदमच 'बरा' म्हणाल्या.

बाळाला घ्यायला तिने हात पुढे केले, पण नजर काही वर उचलेना. चारांतही सासूबाई नव्हत्या.