चार मिनिटं दहा सेकंद

आमच्या खेळाच्या नियमांच्या नव्या आवृत्तीचं पुस्तक आमच्यात सगळ्यात आधी वेंडलने विकत घेतलं. शनिवारी सकाळी ओ क्लेअर शहरातल्या दुकानातून बाहेर पडून त्याने ते गाडीतच उघडलं आणि मला फोन केला. "मारिट, बसली आहेस ना? हाडवैद्य काढून टाकलाय त्यांनी."

वेंडल शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवतो आणि उरलेल्या वेळात लोकांना चिडवतो. तसंच काहीतरी असेल म्हणून मी हसले. त्याने पान वाचून दाखवलं तेव्हा हसू थांबलं.

नऊ वर्षं आम्ही चौघं रविवारी दुपारी, पॅकर्सची फुटबॉल मॅच नसेल तेव्हा, आर्लनच्या तळघरात हा खेळ खेळतो. आर्लन सूत्रधार. जग त्याचं, त्यातले राक्षस त्याचे, पाऊसपाणीही त्याचं. बाकीचे तिघं त्या जगातली माणसं: वेंडल योद्धा, डीड्रा चोर, मी हाडवैद्य. आपलं माणूस काय करतंय ते आपण सांगायचं, ते जमलं की नाही ते फासे सांगतात.

जुन्या नियमांत हाडवैद्याने जखमी माणसाला तीन प्रश्न विचारायचे असत. समोरच्याने आपल्या पात्राच्या तोंडून उत्तरं द्यायची आणि त्यावरून मला किती फासे मिळतात ते ठरायचं. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर माझं कोणाशी फारसं बोलणं होत नाही, आणि मला त्याचा त्रासही नाही. पण या प्रश्नांची मी आठवडाभर तयारी करत असे. वेंडलच्या योद्ध्याचा धाकटा भाऊ तळ्याचा बर्फ फुटून बुडाला होता, हे अशाच एका उत्तरात कळलं. तो भाऊ खेळातला की खरा, हे मी विचारलं नाही. दोन वर्षांनी त्यानेच सांगितलं.

नव्या पुस्तकात त्या जागी एक ओळ होती. उपचार: एक फासा टाका.

दुपारपर्यंत इंटरनेटवर भांडणं पेटली होती. नेब्रास्कातल्या कोणीतरी आपली सगळी जुनी पुस्तकं खोक्यात भरतानाचा व्हिडिओ टाकला होता. डीड्राने फोन करून मला धीर दिला, पण चोराला मिळालेल्या नव्या युक्त्यांचा आनंद तिला लपवता येत नव्हता. मग खेळ काढणाऱ्या कंपनीने खुलासा प्रसिद्ध केला. एका अनुभवी गटाच्या दोन वर्षांच्या नोंदींनुसार, त्यात म्हटलं होतं, हाडवैद्याची पाळी सरासरी चार मिनिटं दहा सेकंद चालते, इतरांची एक मिनिट पाच सेकंद. त्यामुळे खेळ रेंगाळतो.

ते आकडे माझे होते. प्रत्येक पाळीला मी मनगटावरचं घड्याळ लावते आणि वेळ वहीत लिहिते. कशासाठी, असं कोणी विचारलं तर सवय आहे एवढंच उत्तर देता येईल. मागच्या वर्षी आर्लनने ती वही आठवडाभर नेली होती. जुन्या कथानकाचे धागे शोधायचेत, असं म्हणाला होता. मी वेंडलला पुस्तकाचं शेवटचं पान पाहायला सांगितलं. छपाईआधी नियम खेळून पाहणाऱ्या चाचणी खेळाडूंच्या आभारांच्या यादीत आर्लन टेस्मर हे नाव होतं.

रविवारी मी अर्धा तास आधी गेले. आर्लन गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून शेगडीवर ब्राटवुर्स्ट सॉसेज भाजत होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने चिमटा खाली ठेवला.

त्याने काही नाकारलं नाही. गुप्ततेच्या करारावर सही केली होती, तोंड उघडलं असतं तर वकिलांचं पत्र आलं असतं. गेल्या वर्षी आपल्या टेबलापुरते 'घरचे नियम' म्हणून त्याने जे काही आमच्यावर आजमावलं ते सगळं कंपनीचं होतं. माझ्या नोंदी कंपनीला इतक्या आवडल्या की कोणीतरी फोन करून त्याचं कौतुक केलं होतं. हे सांगताना त्याचा आवाज किंचित उजळला, आणि ते त्याच्याही लक्षात आलं.

मी त्याला आकड्यांबद्दल विचारलं. बाकीच्यांच्या नोंदी मी माझ्याच पाळीत लिहून काढते. त्या चार मिनिटांतली जवळजवळ अडीच मिनिटं लिहिण्यात जातात. ते वहीच्या पहिल्याच पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या प्रयोगशाळेत मोजमाप देताना आधी त्यातली खोट सांगतात.

"ते पान तू पाठवलंच नाहीस," मी म्हटलं. "राहून गेलं असेल तर आजच त्यांना कळव. पुढच्या छपाईत दुरुस्त करतील."

आर्लनने एक ब्राटवुर्स्ट उलटला, मग तोच पुन्हा उलटला.

"राहून नाही गेलं गं. वाचलं होतं मी."

त्याने चिमटा पुन्हा खाली ठेवला.

"मला कंटाळा आला होता, मारिट. तुझे प्रश्न सुरू झाले की मी नुसता बसून असायचो. चारचं दीड केलं असतं, तरी माझ्यासाठी ते लांबच होतं. तुला तोंडावर सांगता येईना, म्हणून त्यांना सांगितलं."

"किती वर्षं?"

"पाच असतील. सहा."

रात्रभर मी त्या चुकीचा हिशोब मांडत बसले होते. सुधारित सरासरी, तळटीप, कंपनीला पाठवायचं पत्र, सगळं तयार होतं. आता त्यातलं काही त्याच्यापुढे ठेवण्यात अर्थ नव्हता.

"एका वाक्यात सांगता आलं असतं, आर्लन."

"तू सोडून गेली असतीस."

"नाही. मी तीनऐवजी एकच प्रश्न विचारला असता."

शेगडीत चरबीचा थेंब पडून चर्र झालं. बाहेर वेंडलची गाडी येऊन थांबली. मागून डीड्राची आली. दोघं हातात नवी पुस्तकं घेऊन गॅरेजपाशी आले आणि आमच्याकडे पाहून थबकले.

"आपल्या टेबलावर तुझे जुने नियम चालतील," आर्लन हलक्या आवाजात म्हणाला. "मी या दोघांना तसं सांगतो. तुझ्यासाठी."

"आणि तू नुसता बसून राहशील," मी म्हटलं.

डीड्राने विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, ते आर्लन सांगेल. मग गाडीची किल्ली काढली आणि तिघांना म्हटलं, "तुम्ही सुरू करा."