दीड दिवसाचं सुतक

दाराची कडी वाजली. एरवी ती ऐकूही आली नसती. शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत दिवस उजाडला की मोमिनांचे माग खटखटायला लागतात, ते दिवे लागेपर्यंत. पण काल शुक्रवार होता. नमाजाच्या वेळी सगळे माग थांबतात आणि घर एकाएकी मोठं वाटायला लागतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून कलंडल्या होत्या. मी शोभीला पुढ्यात घेऊन तिच्या केसांतली गुंत काढत होते.

"कोण आहे?"

"कडू पोष्टमन, बाई. कार्ड हाय."

"मग सरकव ना दाराखालून."

"आत नाही सरकवत. तुम्हीच बाहेर या. कोपरा फाटेल हाय."

माझ्या हातातली फणी तशीच राहिली. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी. ते घरात आणत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचलं की फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. कडूनं ते दोन बोटांत धरून माझ्या हातात सोडलं आणि "राम राम" न म्हणताच गेला. वर 'श्री' नव्हता. अक्षर ओळखीचं नव्हतं, शाळेत चार महिने गेलेल्या माणसासारखं, मोठंमोठं.

'मालतीबाई पौष वद्य षष्ठीस पहाटे गेल्या. वीस वर्षे एका चुलीवर काढली, पण मला सुतक नाही असे त्यांच्या पुतण्यांचे म्हणणे. दहाव्यानंतर घर रिकामे करणार आहेत. गोष्टीचा शेवट त्यांनी लिहून ठेवला आहे. तो तुम्हास द्यावा म्हणाल्या. तुमची पत्रेही त्याच पेटीत आहेत. दहाव्याच्या आत कोणी विश्वासाचे माणूस अकोल्यास पाठवावे. नंतर मी कोठे असेन ते सांगता येत नाही. भागाबाई.'

मी पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा.

"वाचून राहिली का पाठ करून राहिली?" आतून सासूबाई उठून बसल्या होत्या. "कोन गेलं वं?"

"मालतीमावशी."

त्यांना हे नाव माहीत होतं. तीन वर्षांत अकोल्याहून मला पाच कार्डं आली होती आणि पाचही वेळा मी हेच सांगितलं होतं, माझ्या मावशीचं कार्ड आहे. सुनेला परक्या बाईची पत्रं कशी येणार? आणि कशाबद्दल येणार?

"अरे राम. सख्खी का दूरची?"

इथं मी चुकले. 'दूरची' म्हटलं असतं तर डोक्यावरून दोन तांबे पाणी घेतलं असतं आणि चुलीपुढं बसले असते. सगळं तिथंच मिटलं असतं. पण तिच्यासाठी दोन तांबे पाणी? माझ्या तोंडून निघून गेलं, "सख्खी."

"मंग दीड दिवसाचं सुतक." सासूबाईंनी बोटं मोजली. "आज आन् उद्या सांजपर्यंत. कशाला हात लावू नको. शोभी, इकडं ये, मायला शिवू नको. आन् तू ते कार्ड फाड आधी!"

फाडलं. चार तुकडे झाले, ते वाऱ्यानं गटारीपर्यंत गेले. तेव्हापासून मी मागच्या पडवीत, तांदळाच्या रिकाम्या कणगीशेजारी, घोंगडीवर बसले आहे. लग्न होऊन सात वर्षं झाली, त्यात पहिल्यांदाच मला कुणी काम सांगत नाही. शाळेतल्या जुन्या परीक्षेचे पाठकोरे कागद ह्यांनी बंब पेटवायला इथंच रचून ठेवलेत. त्यांच्यावर लिहिते आहे. संध्याकाळी माझ्या अंघोळीचं पाणी त्यांच्यावरच तापेल.

मालतीबाई माझ्या कोणी नव्हत्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. हे शाळेत मास्तर, वाचनालयाचं मासिक घरी आणतात. त्यात तीन वर्षांपूर्वी त्यांची गोष्ट टोपणनावानं सुरू झाली. दोन बायका. एक थोरली, एक धाकटी. नावं त्यांनी दिलीच नाहीत. दोघी मिळून दोन खोल्या भाड्यानं घेतात, कपडे शिवतात, एका कुलपाची एकच किल्ली वापरतात. थंडी पडते तेव्हा दोघी एका पांघरुणात निजतात, आणि थोरली धाकटीचे गार पाय आपल्या पोटऱ्यांमध्ये घेते. ते वाचून हे म्हणाले होते, "गरिबी काय रंगवली आहे बाईंनी!"

मी चुलीत फुंकत होते. म्हटलं, "हो ना. फारच."

मला माहीत होतं ती गरिबी नव्हे. निंबोल्याला माझे वडील शाळामास्तर होते. आमच्या शेजारी धुरपदा राहायची, कापसाच्या शेतात वाढलेली, कोपरापर्यंत उन्हानं रापलेली. वेचणीच्या दिवसांत मी तिच्यामागं पुस्तक घेऊन फिरायची. ती वेचायची, मी वाचायची. तिच्या बोटांना बोंडाचे काटे लागायचे, मी ती बोटं तोंडात धरायची. त्याला काय म्हणतात हे दोघींनाही ठाऊक नव्हतं, पण कुणी आलं की हात मागं घ्यायचा हे न सांगता ठाऊक होतं. तिला धूलकोटकडे दिलं. गाडीत बसताना ती माझ्याकडे पाहून हसली, रडली नाही. त्यानंतर मी तिला एकदा बाजारात पाहिलं, कडेवर पोर, डोक्यावर टोपलं. "बरी आहेस?" "बरी हाय." एवढंच. तिचा नवरा भाव करत होता.

मी वाचलेल्या गोष्टींत अशा बायका आल्याच तर शेवटी विहिरीत उडी घ्यायच्या. मालतीबाईंच्या दोघी मेल्या नाहीत. महिन्यामागून महिना त्या जगत राहिल्या. भांडल्या, भाजी महाग झाली म्हणून कुरकुरल्या, थोरलीचा दात पडला. मी दर महिन्याला भीत भीत पान उलटायची, आणि त्या असायच्या.

शेवटी धीर करून मी मासिकाच्या पत्त्यावर लिहिलं. धुरपदाचं सगळं लिहिलं, आणि विचारलं, असं खरंच असतं का? आठ दिवसांनी कार्ड आलं. 'असते. भाकरी कोणी भाजायची यावरून भांडणही असते. तब्येतीस जपावे.' बस्स. ते कार्ड मी किती दिवस चोळीत ठेवलं होतं. धुरपदा काही परत येणार नव्हती, ते मलाही कळत होतं. पण कुठंतरी, अकोल्यात का होईना, तसं घर आहे. त्यात चूल पेटते. तेवढ्यावर मी पुढचे दिवस काढले. भाकरीवरून भांडण कोणाशी, ते मात्र त्यांनी कधी लिहिलं नाही. काल कळलं, भागाबाईंशी.

मागच्या महिन्याचा भाग एका वाईट जागी संपला. धाकटीचा भाऊ गाडी जुंपून दारात उभा आहे. म्हणतो, लोक बोलतात, चल घरी. धाकटी उंबऱ्यात. थोरली आतून किल्ली हातात घेऊन आली आहे. पुढं 'अपूर्ण'.

त्याचा शेवट अकोल्याच्या पेटीत आहे. माझ्या पत्रांखाली.

काल संध्याकाळी हे शाळेतून आले. सासूबाईंनी दारातच सगळं सांगितलं. हे पडवीच्या टोकाला, चार हात लांब उभे राहिले, टोपी हातात.

"मला आधी सांगायचंस ना, की सख्खी मावशी होती. मी दूरची समजत होतो."

मी मान खाली घातली.

"सख्ख्या मावशीच्या दहाव्याला पुरुष माणूस गेला पाहिजे. तुझा भाऊ काही जायचा नाही. उद्या अर्धी शाळा आहे, दुपारच्या गाडीनं निघतो. भुसावळला बदलली की परवा सकाळी अकोला. काही आणायचं आहे का तिथून?"

माणूस चांगला आहे हो. हेच तर. आणायचं आहे, एक पेटी आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण हे वाण्याच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाहीत. भुसावळच्या फलाटावर दोन तास गाडीची वाट पाहताना ती पेटी हे मांडीवर घेऊन नुसते बसतील का? वर माझं अक्षर. 'माझी धुरपदा' अशी सुरुवात.

"काकांचं नाव काय?" ह्यांनी विचारलं. "पत्ता विचारायला बरं."

कोणते काका? त्या घरात दोन बायका आणि एक चूल.

"अहो, जाऊ नका," मी म्हटलं.

"असं कसं?"

"नका जाऊ. आमचं त्यांचं बरं नव्हतं." मग एकदा तोंड उघडलं ते मिटेना. "आई माझी अंथरुणाला खिळली होती, तर ही सख्खी बहीण एकदा आली नाही. तोंड दाखवलं नाही. शेवटी आईच्या पाटल्याही हिनंच ठेवून घेतल्या. लोभी बाई होती."

मी हे बोलले. जिनं मला जगवलं त्या बाईबद्दल बोलले, ती जाऊन आठवडा झाला नाही तोवर.

ह्यांनी टोपी खुंटीला लावली. "तू म्हणत असशील तर राहू दे," म्हणाले, आणि आत गेले.

सासूबाई मात्र दारात तशाच उभ्या. "इतकी वाईट होती, मंग दुपारपासून नाक कशाला ओढून राहिली?"

"आता उठू का? भाकरी टाकते."

"बस खाली! मोठी उठनारी आली. सुतक काय मान्सं पाहून लागते? ते रगताचं असते, मायेचं नसते." आणि जाता जाता, "खाशील ना दोन घास? का तेबी मीच भरवू?"

त्यांनी केळीच्या पानावर खिचडी वाढून लांबूनच सरकवली. वर तूप घातलं होतं, एरवीपेक्षा जास्त.

मी ते खाल्लं. भागाबाईंना कोणी वाढलं असेल का, हे मनात आलं तेव्हा पान संपलं होतं. तिकडं वीस वर्षं एका चुलीवर काढलेल्या बाईला सुतक नाही. ती त्याच घरात, पुतण्यांसाठी, स्वयंपाक करत असेल. आणि इकडं मी, खोटी भाची, सुतक पाळत बसले आहे, तूप घातलेली खिचडी खात.

आज शनिवार. दुपारची गाडी मघाशी गेली, स्टेशन लांब असलं तरी वारा इकडचा असला की शिट्टी येते. हे घरीच आहेत, पुढच्या खोलीत वह्या तपासताहेत. सोमवारी दहावा. भागाबाई दाराकडे बघत असतील, कोणी विश्वासाचं माणूस येतं का म्हणून. त्यांना उत्तर लिहायचं तर कार्ड कोण टाकणार? सुतक फिटल्यावर मी टाकीन, मंगळवारी, दळणाला जाताना. तोपर्यंत त्या घरात त्या नसतील. पेटीही नसेल. पुतण्यांनी वाचली पत्रं, तर वाचली. जाळली, तर बरंच म्हणायचं. आणि त्यांच्याबरोबर ते शेवटचे कागदही.

माग पुन्हा सुरू आहेत. उन्हं पडवीच्या कडेला आली. सासूबाई बंबात पाणी भरायला लागल्या आहेत, म्हणजे हे कागद आता द्यायला हवेत.

शोभी दारात येऊन बसली आहे, उंबऱ्याच्या पलीकडं, हात मांडीखाली घालून. शिवायचं नाही हे तिला बजावलंय. दीड दिवस तिनं माझ्याकडे असं लांबूनच पाहिलं. रोज रात्री तिला निजवताना मी थोरली-धाकटीचीच गोष्ट सांगते. मला दुसरी येतच नाही. दात पडला तो भाग तिला फार आवडतो. गाडी दारात आली तिथपर्यंत सांगून झालं आहे, आणि गेला महिनाभर मी तिला म्हणते आहे, थांब, पुढचं यायचं आहे.

"आई."

"काय गं?"

"आजी म्हणते, आज तुझं संपलं. आज तू माझ्याजवळ निजणार."

"हो."

तिनं पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावर रेघ ओढली.

"मग आज सांगशील? धाकटी गाडीत बसली का?"