दार अडवून

"ऊठ तिथून," भाऊ म्हणाला. त्याच्या हातात लोखंडी कांब होती. मागे त्याचा मेहुणा आणि शेजारचे दोघं उभे होते.

आत्या उठली नाही. ज्या पोरानं तिच्या भाच्याच्या पोटात सुरा घातला, त्याच्याच घराच्या पायरीवर ती बसली होती. त्याला सकाळीच पोलिसांनी नेलं होतं. आत त्याची आई आणि धाकटा भाऊ कडी लावून बसले होते.

भाचा हाक मारायचा म्हणून सगळी वस्ती तिला आत्याच म्हणायची. ती सरकारी दवाखान्यात आरोग्यसेविका होती. तापाची साथ आली की रोग्याइतकीच नजर शेजारच्या घरांवर ठेवावी लागते. हाणामारीही तशीच पसरते, हे दवाखान्यातल्यांना पटल्यापासून कुठं सुरे निघाले की ती जखमीच्या घरी जाऊन बसायची, डोकी थंड होईपर्यंत. परके तिचं ऐकायचे. आज सख्ख्या भावानं मात्र तिला दारातूनच हाकललं होतं. म्हणून ती इथं आली होती.

"दुसऱ्यांची राखण करतेस? माझं पोर तिकडं नळ्या लावून पडलंय."

"माहितीये. त्याच्याजवळूनच आलेय."

"मग रक्त नाही उसळत तुझं?"

"उसळतं ना. म्हणूनच बसलेय. उभी राहिले असते, तर तुझ्याआधी मीच आत शिरले असते."

मेहुणा म्हणाला, "ताई, बाजूला व्हा. धाकट्याला नुसती समज देतो."

"कांबेनं समज देतात होय? उद्या त्याचे मामे येतील तुमच्या दारात समज द्यायला. मी कुणाकुणाला पट्ट्या बांधत फिरू?" तिनं भावाकडं पाहिलं. "आत जायचंय ना? आधी ती कांब माझ्या डोक्यात घाल."

भावानं कांब उचलली. तिनं मान वळवली नाही. कांब शेजारच्या पत्र्यावर आदळली.

"आजपासून तू मला मेलीस."

"मेले. आता घरी जा."

तो गेला, मागोमाग बाकीचेही. दिवे लागले तरी ती तिथंच होती.

भाचा वाचला. तो घरी आल्यावर त्याची जखम बांधायला ती रोज जायची. कुणी 'ये' म्हणत नसे. चपला काढून ती सरळ आत शिरायची. भाऊ भिंतीकडं तोंड करून बसायचा.

"ताप होता का रे?" एकदा तिनं भाच्याला विचारलं.

"पहाटे होता थोडा." उत्तर भिंतीकडून आलं.

आत्यानं हात धुतले आणि पट्टी सोडायला घेतली.