दहा मिनिटांत जोडतो

ताईच्या घराला गॅरेज होतं, पण त्यात गाडी नव्हती. गाडी बिचारी बाहेर रस्त्यावर ऊन खात उभी असायची. गॅरेजात राहायचा तो ताईचा नवरा. जेवायला आणि झोपायला घरात यायचा, तेवढे उपकार. एरवी ऑफिसातून आला की शर्ट बदलून जो आत घुसायचा, त्याला हाका मारमारून बाहेर काढावं लागायचं. दिवसभर विमा कंपनीत कागद हलवणारा माणूस, पण हात शिवशिवायचे ते लोखंडासाठी. भिंतीवर लहानापासून मोठ्यापर्यंत पाने टांगलेले आणि प्रत्येकाच्या मागे पेनाने त्याचीच आकृती काढलेली. लग्नाच्या तारखेची त्याला दरवर्षी आठवण करून द्यावी लागायची, पण चौदाचा पाना कुणी हलवला की दारातूनच कळायचं.

हौसेला मोल नाही म्हणतात. ताई म्हणायची, मोल नसू दे, तोल तरी असावा! एकदा 'जरा बघतो' म्हणून त्याने मिक्सर नेला. तो परत घरात आलाच नाही. त्याच्या मोटरवर पॉलिश करायचं यंत्र तयार झालं आणि त्या यंत्रावर पहिली वस्तू चकचकीत झाली ती म्हणजे मिक्सरचं रिकामं भांडं. "बघ, आरसा झालाय नुसता," नवरा म्हणाला. ताईने त्या आरशात स्वतःचं तोंड पाहिलं आणि पाट्यावर वाटायला बसली.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी गत. शेजारी दातवाले डॉक्टर राहायचे, त्यांनाही हाच नाद. सकाळभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि संध्याकाळी इथे येऊन गंजके बोल्ट. बोल्ट मध्येच मोडला की "मूळ आत राहिलं" म्हणून हळहळायचे. एकटा नवरा असता तर कधीतरी थकला तरी असता. पण दोघं एकत्र आले की एकाने शंका काढायची आणि दुसऱ्याने ती वाढवायची.

हे सगळं ताईने वर्षानुवर्षं सोसलं. पण या वेळी प्रश्न मिक्सरचा नव्हता, बाबांचा होता.

बाबा म्हणजे ताईचे वडील. आयुष्यभर स्टेशनमास्तर. साखरेने पाय खाल्ला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. इस्पितळातून त्यांना आधी ताईकडेच आणलं होतं. दाराशी चार पायऱ्या. मग नवरा, डॉक्टर, ताईचा धाकटा भाऊ आणि समोरचा वकील, अशा चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. बाबांनी डोळे मिटून घेतले ते आत ठेवेपर्यंत उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला शुश्रूषा केंद्रात ठेवा. चौघांनी उचलायची वेळ माणसावर एकदाच यावी, आणि तेव्हा त्याला कळू नये."

ताईने खूप विनवलं, तरी ते केंद्रात गेलेच. परत चला म्हटलं की बाबांचं उत्तर एकच. "गाडीला कुणी उचलून आणतं का? रूळ टाका, मी येतो."

ताई म्हणाली, ठीक आहे, बाजारातून तयार रॅम्प आणू. झालं! नवऱ्याच्या वर्मी घाव बसला. "बाजारातला रॅम्प म्हणजे नुसता पत्रा गं! बाबांच्या खाली मी असला पत्रा घालू? मी करतो." डॉक्टरांनी मान डोलावली आणि ताईने कपाळावर हात मारला.

रॅम्प करायचा तर टेबल सपाट हवं, म्हणून आधी टेबल केलं. टेबलाचे पाय काटकोनात कापायचे तर कापायचं यंत्र पक्कं बसवायला हवं, म्हणून त्याचा स्टँड केला. स्टँडला रंग दिला. रंग वाळेपर्यंत दुसरं काही करता येईना, म्हणून दोघं चहा प्यायले. ताई रोज शाळेतून आली की विचारायची, "कुठवर आलं?" नवरा म्हणायचा, "पाया झालाय." ती शाळेत गणित शिकवायची. तिने हिशोब केला की या वेगाने बाबा आत येतील तेव्हा ती स्वतः खुर्चीत असेल.

मग केंद्राकडून विचारणा आली, कायमची खोली रिकामी होतेय, हवी का? बाबांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "रविवारी येऊन बघतो. आत जाता आलं तर राहतो. नाही जमलं तर ही खोली बरी आहे, खिडकीतून रूळ दिसतात. त्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय."

फोन ठेवून ताई तडक गॅरेजात गेली आणि दोघांना असं काही झापलं की डॉक्टर भर बोलण्यात तोंडावरची काच खाली ओढून वेल्डिंगला लागले.

आणि खरं सांगायचं तर शनिवारी संध्याकाळी रॅम्प बसला. सुंदर बसला. हळूच चढणारा, खाली घसरू नये म्हणून खवल्यांचा पत्रा, दोन्ही बाजूंना हाताला लागेल असा गोल कठडा, एकही कोपरा बोचत नव्हता. ताई त्यावरून चारदा चढली, चारदा उतरली. कठड्यावरून हात फिरवताना तिच्या मनात आलं, माणूस वेडा आहे, पण हातात जादू आहे बाबा! तिने दोघांना गरम भजी तळून दिली. रात्री नवऱ्याला म्हणाली, "छान केलंत हो." तो लाजला.

चुकलंच तिचं. कौतुक करायला नको होतं.

रविवारी सकाळी बाबांसाठी आणलेली नवी चाकाची खुर्ची दारात उभी होती; केंद्रातली तिथेच ठेवायची होती. नवऱ्याने ती सहज रॅम्पवर ढकलून पाहिली, तर चाक जरासं कुरकुरलं. फार नाही, नव्या चपलेएवढं. तुमच्याआमच्यासारख्या माणसाने तेलाचा थेंब सोडला असता आणि आंघोळीला गेला असता. याने डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले, चाकाला कान लावून बसले, डोळे मिटले.

"आतून आहे," ते म्हणाले.

"बेअरिंग?"

"उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

ताई तेव्हा बाबांची खोली लावत होती. उशी, दिवा, हाताशी पाणी. भावाचा फोन आला, "ताई, निघालो गं. बाबा गप्प आहेत, पण निघालेत." ती आनंदाने सांगायला गॅरेजात गेली आणि दारातच थिजली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर खुर्ची आडवी. एक चाक इकडे, एक तिकडे, आणि बाकीचे तुकडे रांगेने मांडलेले, स्वच्छ पुसून.

"हे काय आहे?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"अगं, उघडलंय फक्त. दहा मिनिटांत जोडतो."

"वहिनी, आत्ता नाही बघितलं तर पुढे त्रास दिला असता," डॉक्टर म्हणाले. हे ते रोज पेशंटला म्हणत असणार.

"ते निघालेत! निघालेत ते! तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

नवऱ्याने घाईघाईने बेअरिंग चाकात बसवायला घेतलं. ते तिरकं अडकलं. सरळ करायला त्याने हातोडी घेतली, डॉक्टर "अलगद, अलगद" म्हणत राहिले, आणि ठक्क! बेअरिंगला तडा गेला. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. रविवार असल्यामुळे सगळी दुकानं बंद.

"जुन्या पंख्यातलं आहे माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले आणि घराकडे पळाले. पंख्यातलं आलं, तर त्याचं भोक मोठं निघालं. "मधे एक रिंग बनवावी लागेल," नवरा म्हणाला, आणि त्या प्रसंगातसुद्धा त्याचे डोळे चमकले! ताईला वाटलं, ती हातोडी उचलावी आणि एकदाच काय ते करावं.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

बाबा पुढच्या सीटवर बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, केस पाण्याने बसवलेले. येण्यासाठी तयारी केली होती माणसाने. ताई खिडकीशी वाकली आणि आजारी माणसाशी बोलतात त्या मऊ आवाजात बोलू लागली. "आलात बाबा? दमला नाहीत ना? जरा दहा मिनिटं हं. खुर्चीचं बारीकसं काम चाललंय. पाणी देऊ? पाठीला उशी देऊ का?"

"नको."

"ऊन लागतंय का? काच वर करू?"

बाबा समोर बघत होते. समोर रॅम्प होता, नवा, रंगवलेला, रिकामा. गॅरेजातून कानस घासल्याचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. भावाने दोनदा घड्याळ पाहिलं आणि बाबांनी ते पाहिलं.

"गाडी वळव," बाबा भावाला म्हणाले.

"बाबा, असं काय करता?" ताई अजून मऊच. "होतंय हो. थोडा धीर धरा."

"अगं, मला कळतं. सहा महिने रॅम्प होत नाही, रॅम्प होतो तर खुर्ची होत नाही. मनात नसलं की असंच होतं. तुमचंही चुकत नाही. मांडी घालून बसणाऱ्याला जागा देता येते, माझं सगळंच अवघड. सरळ सांगायचं होतंस, मी रागावलो नसतो. वळव रे गाडी."

आणि ताईचा बांध फुटला.

"मनात नाही? मनात नाही म्हणता?" मागच्या बाकावरच्या पोरापर्यंत पोचणारा तिचा आवाज फाटकापलीकडे रस्त्यावर गेला. "सहा महिने या लोखंडाच्या खडखडाटात जगतेय मी! घरात भुसा, जेवणात भुसा, केसांत भुसा! कोणासाठी? रूळ टाका म्हणालात, टाकले! आता गाडी जरा लेट झाली तर तुम्ही निघाला रूळ उखडायला? आयुष्यभर लोकांना थांबायला लावलंत की नाही फलाटावर? मग बसा आता तुम्हीही! तो आत बसलेला येडा तुमच्या चाकाचा आवाज काढायला गेला, कारण तुमच्या खाली काही कुरकुरलेलं त्याला चालत नाही! अक्कल नाही त्याला, पण मनात नाही म्हणायचं नाही! आणि तू," ती भावावर वळली, "किल्ली दे इकडे! दे म्हणते ना! कुणी कुठे जात नाहीये!"

भावाने निमूटपणे किल्ली दिली. समोरचा वकील खिडकीत आला होता, तो हळूच मागे सरला. गॅरेजातली कानस थांबली. ताई धापा टाकत होती, आणि भान आल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. पाय गेलेल्या बापावर भर रस्त्यात ओरडलो आपण.

बाबा तिच्याकडे टक लावून बघत होते.

"किती लेट?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गाडी किती लेट आहे म्हणतो. नीट चौकशी करून सांग. आणि चहा आण."

बाबांचा आवाज जरा घोगरा झाला होता. "ऑपरेशन झाल्यापासून माझ्याशी कुणी मोठ्याने बोललेलं नाही. नर्स हळू, तुझा भाऊ हळू, तू तर कानातच. घरात मेलेलं माणूस असल्यावर बोलतात तसं. मला वाटलं, आपण संपलो बहुतेक, आणि हे लोक सांगत नाहीयेत."

ताईने पदराने नाक पुसलं आणि चहा टाकायला आत गेली. जाताजाता गॅरेजात डोकावून ओरडली, "किती लेट ते विचारतायत!"

"दहा मि..." नवरा म्हणता म्हणता थांबला. "तासभर," तो खरं बोलला.

तासाहून जास्तच लागला. बाबांनी गाडीत दोन चहा घेतले, पेपर वाचला, वकिलाला खिडकीतून बोलावून घेऊन त्याच्याशी राजकारणावर भांडले. शेवटी खुर्ची आली. नवरा आणि डॉक्टर दोघांचे हात कोपरापर्यंत काळे, मान खाली. बाबा सीटवरून खुर्चीत सरकले, चाकांवर हात ठेवले आणि रॅम्पकडे निघाले.

पहिला निम्मा रॅम्प ते झपाट्याने चढले. नवरा बाजूने वाकून, चाकाला कान देत चालत होता. "गेला ना आवाज? गेला!" तो डॉक्टरांना म्हणाला, आणि ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ उभा राहिला. मग बाबांचा वेग कमी झाला. खुर्ची थांबली आणि वीतभर मागे घसरली. चौघेही पुरुष एकदम पुढे धावले.

"कुणी हात लावायचा नाही!" ताई म्हणाली. म्हणाली खरी, पण तिचे स्वतःचे हात पुढे झाले होते. तिने ते कसेबसे मागे घेतले, एकमेकांत धरून ठेवले.

बाबांनी चाकं घट्ट पकडली होती. मानेची शीर फुगली होती, पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ओरड," ते म्हणाले.

"बाबा..."

"ओरड म्हणतो ना!"

ताईचे डोळे भरून वाहत होते, समोरचं धड दिसत नव्हतं. पण तिने छाती भरून श्वास घेतला आणि सगळी गल्ली गोळा होईल अशा आवाजात ओरडली, "चला की, बाबा! वाटेत काय बसलाय! लोकांना घरात जायचंय! ओढा! अजून! थांबायचं नाही, थांबायचं नाही म्हणते ना, ओढा!" ती ओरडत राहिली, आवाज चिरकेपर्यंत ओरडत राहिली, आणि चाकं एकेक हात वर सरकवत बाबा दारातून आत गेले.