पास्टर गायसमुद्रे यांची शेवटची सभा

पास्टर उत्तरेश्वर गायसमुद्रे यांना माइक लागत नसे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून आवाज तयार झाला, असं ते स्वतःच हसत सांगायचे. त्या दिवसांत पगार झाला की ते गुत्त्यावर असायचे. एका संध्याकाळी खडकी स्टेशनाबाहेर एक म्हातारी ख्रिस्ती बाई चार-सहा माणसांना देवाचा संदेश सांगत होती. उत्तरेश्वर झिंगत तिच्या पुढ्यात उभे राहिले आणि तिच्या प्रत्येक वाक्याची नक्कल करू लागले. लोक हसले. बाई थांबली, चिडली मात्र नाही. तिनं विचारलं, "जेवलास का रे बाळा?"

सकाळपासून ते जेवले नव्हते. घरी बायकोही उपाशीच होती.

ही गोष्ट सांगताना पास्टरांचा आवाज नेमका तिथे कापायचा, आणि समोरची निम्मी सभा डोळे पुसायला लागायची. त्या रात्रीपासून दारू सुटली. बाप्तिस्मा झाला, पुढे नोकरीही सोडली. मग चाळीसेक वर्षं गावोगाव, वस्त्यावस्त्यांत प्रवचन-प्रार्थनेच्या संजीवन सभा. हडपसरच्या मैदानावर दर हिवाळ्यात मोठी सभा भरायची. तिथे किती दारुड्यांनी बाटली टाकली आणि किती मोडके संसार उभे राहिले, हे त्यांचे विरोधकही मान्य करत. प्रार्थनेनं आजार बरा झाला अशी साक्ष द्यायला तर मंचासमोर रांग लागायची.

त्यांच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, मात्र आईच्या मृत्यूनंतर त्या मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

आईला कॅन्सर झाला होता. उपचार चालू होते, चर्चची सगळी मंडळी प्रार्थनाही करत होती. आई गेली, तेव्हा मातीला आलेल्या दोन बायका प्रियदर्शनीच्या कानावर पडेल अशा बेतानं म्हणाल्या, "पास्टरच्याच घरात विश्वास कमी पडला म्हणायचा." पपा शेजारी उभे होते. हजारोंना गप्प करणारा तो माणूस त्या दोघींना एक शब्द बोलला नाही. प्रियदर्शनीनं ते गप्प राहणं मनात धरून ठेवलं. तिनं वाघोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी धरली, तिथंच फ्लॅट घेतला आणि एकटी राहू लागली. पपांना भेटायची, पण देवाचा विषय निघाला की चहा ठेवायला उठायची.

गेल्या पावसाळ्यात पपांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय. फक्त हवा तो शब्द हाती लागत नाही."

धाकटा भाऊ सुदर्शन आता मंडळीचं काम पाहत होता, त्याचे दौरे चालू. तेव्हा पपांना प्रियदर्शनीनंच वाघोलीला आणलं. रोज कॉलेजमधून आली की ती समोर बसायची. "पपा, हे काय?" ते पाण्याच्या पेल्याकडे बघायचे, कपाळावर घाम यायचा, आणि तोंडातून निघायचं, "चप्पल." मग स्वतःच इतके हसायचे की तीही हसायची. दिवाळीपर्यंत 'पाणी' जमलं, 'प्रिया' जमलं. 'नाही' हा शब्द मात्र स्वच्छ, खणखणीत यायचा.

"तेवढा एक तर घरात पहिल्यापासून होता," ती म्हणाली. पपांनी डाव्या हातानं तिला टपली मारली.

डिसेंबरात सुदर्शन आला. हडपसरची सभा जवळ आली होती.

"ताई, पपांना मंचावर न्यायचंय. लोक विचारतायत. ते काठी घेऊन चार पावलं चालतात ना? बस, तेवढं पुरे. मी साक्ष देईन, प्रभूनं आपल्या सेवकाला उभं केलं."

"उभं फिजिओथेरपिस्टनं केलंय. मंचावर त्यांनाही बोलव."

"तू थट्टा कर. पण ते पडले तेव्हापासून लोकांचा धीर खचलाय. ज्यानं सगळ्यांसाठी प्रार्थना केली तोच पडला, म्हणतात. त्यांना काय सांगू मी?"

त्याचा चेहरा खरंच ओढलेला होता. प्रियदर्शनीला पहिल्यांदाच वाटलं, हा काही ढोंग करत नाहीये, हा घाबरलाय. तिनं पपांकडे पाहिलं. "जायचंय?"

पपांनी मान डोलावली.

त्यांना सोडायला म्हणून ती इतक्या वर्षांनी त्या मैदानात गेली. मोठे पडदे, दिवे, गिटारवाली पोरं. मंचाच्या कडेला ती उभी राहिली. सुदर्शन छान बोलत होता. शेवटी त्यानं हात पसरले. "डॉक्टर म्हणाले होते, हे उठणार नाहीत. बघा!"

डॉक्टर असं कधीच म्हणाले नव्हते. पपा काठी टेकत पुढे आले. मैदान उठून उभं राहिलं, जयजयकार झाला, बायका रडू लागल्या. सुदर्शननं त्यांच्या तोंडापुढे माइक धरला.

पपांनी तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज येईना. लोक शांत झाले, मग कुठूनसे "आमेन, आमेन" असे आवाज सुरू झाले. पपांनी मान हलवली. "नाही," ते म्हणाले.

सुदर्शन हसून लोकांना सांगू लागला, "पपा भारावलेत..."

"नाही!"

कारखान्यातला तो जुना आवाज होता. माइक किंचाळला. पपांनी काठी सोडून दिली. प्रियदर्शनी धावली, पण त्यांनी तिला नजरेनंच थांबवलं. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात मनगटाशी धरला, डोक्याच्या वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा, आणि सोडून दिला. हात धपकन खाली पडला. पुन्हा उचलला. पुन्हा सोडला. मग छातीवर डावा हात ठेवून त्यांनी वर पाहिलं आणि चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की त्यांनी देवावरचा विश्वास सोडलाय असं कुणालाही म्हणता आलं नसतं.



तेवढ्यात मागच्या रांगांतून एक बाई पुढे येऊ लागली. मांजरी गावची सरुबाई, हडपसरच्या मंडईत भाजी विकणारी. तिच्या हाताला धरून तिची लेक कल्याणी होती, पंचविशीची, जन्मापासून मुकी-बहिरी. दर वर्षी सरुबाई तिला घेऊन यायची, आणि दर वर्षी स्वयंसेवक दोघींना मागं बसवायचे. सरुबाई मंचाच्या पायऱ्या चढून आली.

"पास्टर," ती म्हणाली, "इतकी वर्सं मला वाटायचं माझ्यातच खोट हाय. माझाच इस्वास कमी, म्हून पोरगी बोलंना. तसंच हाय का?"

पपांचे डोळे भरून आले. त्यांनी सरुबाईकडे, मग थेट प्रियदर्शनीकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. मग अगदी हळू, "नाही, नाही."

 प्रियदर्शनी मंचावरच खाली बसली आणि आईच्या मातीला आलं नव्हतं ते सगळं रडू तिला आता आलं. कल्याणी काही ऐकू शकत नव्हती, पण तिनं पडलेली काठी उचलून पास्टरांच्या हातात दिली, आणि त्यांचा तो निर्जीव हात आपल्या हातात घेऊन चोळत उभी राहिली.

सुदर्शन दोन महिने बहिणीशी बोलला नाही. बरेच लोक दुसऱ्या मंडळीत गेले. पण दर गुरुवारी संध्याकाळी वाघोलीच्या फ्लॅटवर माणसं येऊ लागली. कुणी डायलिसिसवरचा, कुणी पाय गमावलेला, एक मूल गेलेलं जोडपं. जे बरे झाले नव्हते ते सगळे. पपा प्रत्येकाचा हात धरून डोळे मिटून बसायचे. कल्याणी त्यांना खुणा शिकवायची. त्यात ते बोलण्यापेक्षा हुशार निघाले. प्रियदर्शनी प्रार्थना करत नसे, पण चहा ठेवून ती पुन्हा येऊन बसायची. मार्चमध्ये सुदर्शनही आला. दाराशी घुटमळला, मग चपला काढून सर्वांत मागं बसला. पपांनी त्याला खुणेनं पुढे बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात पास्टर उत्तरेश्वर झोपेतच गेले. खडकीच्या दफनभूमीत माती झाली. गर्दी मोठी होती. सुदर्शननं छोटाच संदेश दिला आणि कुठलाही चमत्कार सांगितला नाही.

पुढच्या गुरुवारी प्रियदर्शनी कॉलेजमधून दमून घरी आली, तर दाराशी सरुबाई, कल्याणी आणि आणखी तिघं-चौघं उभे.

"मावशी, आता कशाला आलात?" ती म्हणाली. "बोलायला कुणी नाही आता."

सरुबाईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "आन् आधी कोन बोलत व्हतं?"

प्रियदर्शनीनं कुलूप उघडलं आणि आधी सगळ्यांना आत जाऊ दिलं.